फारोचे शिपाई

आरे-वारेच्या वाळूवर सकाळी दहा वाजता चाळीस माणसं मेली.

सगळी आसपासच्या गावांतली. कमरेला पांढरं फडकं, छातीला सोनेरी रंग मारलेलं रेक्झिन, हातात थर्माकोलच्या ढाली. मालिकेत इजिप्तच्या फारो राजाचं सैन्य समुद्रात बुडतं, ते इथे बुडवायचं होतं. दिग्दर्शकाने भोंग्यातून ओरडून सगळ्यांना ओल्या वाळूत पालथं पाडलं. "तोंडं खाली! खोकायचं नाही! मेलेले आहात तुम्ही!"

बाबल्याही मेला होता. पन्नाशीचा माणूस, पण सैन्यात माणसं कमी पडली म्हणून घेतला. सैन्याला काय, कुणीही चालतो.

त्याची बायको काशी डबा घेऊन आली आणि सुरूच्या झाडांखाली थबकली. तिथे मनस्विनी कपड्यांच्या पेट्या सांभाळत होती. गावातलीच पोरगी, रत्नागिरीला कॉलेजात जाणारी.

"ह्यांना कुणी मारलान गो?"

"देवाने, काकी. हे दुसऱ्या लोकांच्या मागे लागले होते. देवाने समुद्र दुभंगला, ते लोक पार गेले. हे मधे आले तसा परत मिटवला."

"सगळेच वायट होते?"

"शिपाई होते. राजाने धाडलं, आले."

"समर्थालापन मालकाने धाडलान," काशी म्हणाली. "तुफान येतंय म्हनत होते तरी."

ती गोष्ट मनस्विनीला ठाऊक होती. पाच महिन्यांपूर्वी जयगडहून गेलेली बोट उलटली. तिघे किनाऱ्याला लागले. काशीचा मुलगा समर्थ लागला नाही, जिवंत ना मेलेला. भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करा, त्यालाच अग्नी द्या, पोरगा सुटेल. उद्याची अमावास्या ठरली होती. बाबल्या दर्भ आणून पडवीत ठेवायचा, काशी उचलून गोठ्यामागे फेकायची. तो परत आणायचा.

काशीने डबा पेटीवर ठेवला आणि चालायला लागली.

"काकी! ओ काकी, शॉट चालू आहे!"

पहिल्या मेलेल्याला तिने खांद्याला धरून उलथा केला. तोंड बघितलं. सोडला. मग दुसरा. तिसऱ्याला हसू फुटलं, पण तिचा चेहरा बघून त्याने डोळे घट्ट मिटले.

एक माणूस तिला हाकलायला धावला. दिग्दर्शकाने त्याचा दंड पकडला. "थांब, गाढवा. कॅमेरा चालू ठेव. बाई कमाल करतेय."

कोण आहे, काय करतेय, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

अकरावा बाबल्या होता.

"काशे, मी हाय," तो डोळे मिटूनच पुटपुटला. "काय चालवलंस?"

"तुला नाय शोधत."

"मानसं बघतायत. उद्या भटजी येतायत. आता तरी हो म्हन."

तिने त्याच्या गालाची वाळू पदराने पुसली आणि त्याला होता तसा पालथा घालून पुढे गेली.

शेवटच्याला तिने हळूच उलथा केला. वीस-बावीसचा पोरगा. मिशी नुकती फुटलेली. ती त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिली.

तो भलताच कुणी होता.

"कट!"

चाळीसच्या चाळीस मेलेले उठले. कुणी फडकं पिळलं, कुणी तोंडातली वाळू थुंकली, कुणी चहाच्या नावाने बोंब मारली. बाबल्या तेवढा बसून राहिला, गुडघ्यांत डोकं घालून.

"फारच छान!" भोंगा ओरडला. "परत एकदा घेऊ. बाईंना सांगा, अगदी असंच करा. मेलेले, चला, जागेवर!"

मनस्विनी धावत गेली. काशी गुडघाभर पाण्यात उभी होती. किनाऱ्याकडे पाठ, तोंड समुद्राकडे.

"काकी, मागे चला. सगळे उठले. आता परत आडवे होतायत."

"थांब गो," काशी म्हणाली. "एक उठायचा हाय अजून."