नेलपॉलिशची बाटली

सत्तरी उलटल्यावर वेंडेलला खिशातल्या पिस्तुलाच्या टोकावरची, नेम धरायची बारीकशी खूण दिसेनाशी झाली. टेक्सासमधल्या त्यांच्या गावच्या नेमबाजीत बायको, नॅडीन, सलग तीन वर्षं त्याला हरवत होती. वर "चष्मा तरी पुसून ये रे!" हा टोमणा ठरलेला.

यंदा त्याने तिच्या नेलपॉलिशने ती खूण गुपचूप नारिंगी रंगवली आणि सहाच्या सहा गोळ्या मधोमध मारल्या. परतताना गाडीत त्याला राहवेना.

"तुझी नेलपॉलिशची बाटली मीच ढापली होती!"

नॅडीनने पर्स उघडून आपलं पिस्तूल दाखवलं. टोकावर तसाच नारिंगी ठिपका.

"पन्नास वर्षांत माझी नखं कधी रंगवलेली पाहिलीस, वेंडेल?"