बैल धरणारा

शर्यतीचं शेवटचं निशाण पन्नास पावलांवर असताना नूतनच्या पोटात कळ आली, पण ती धावतच राहिली. वर चुन्याच्या रेघेपलीकडे तिचा नवरा गोरख चाकाच्या खुर्चीत बसला होता. मागे सासू, बायडाबाई, खुर्ची घट्ट धरून उभी होती.

डोक्याला मार लागून घरात पडून राहिलेल्यांसाठी तालुक्यात उपचार केंद्र निघणार होतं. त्याच्या मदतीसाठी वारूळवाडीहून ही पाच किलोमीटरची दौड ठेवली होती. ती संपवायची कुठे, यावर गावाने फार डोकं खाजवलं नाही. शर्यत म्हटली की बैलगाडे पळवायचा चढाचा घाट, एवढंच गावाला ठाऊक. माईकही गेणभाऊंच्याच हातात दिला, कारण यात्रेच्या शर्यतीत धावते बैल पुकारायला तेच असतात.

नूतनला नंबराशी काही देणंघेणं नव्हतं. मोटारसायकलवरून पडल्यापासून चौदा महिने गोरखच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिला ओळखतो की नाही, हेही तिला कळत नव्हतं, आणि तेच तिला आतून खात होतं. सकाळी त्याच्या बुटाची नाडी बांधताना तिने त्याला सांगून ठेवलं होतं.

"आवं, मी पळत वर येईन. तवा निस्तं माझं नाव घ्या. बाकी कायबी नको."

तो तिच्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे बघत राहिला होता.

गेणभाऊ सुरुवातीला शहाण्यासारखे टाळ्या वाजवा, पाणी प्या, असं सांगत होते. पण चढावरून धावत येणारी नूतन दिसली आणि त्यांना राहवलं नाही.

"आली, आली, आली... उचलली की रं... भिर्रर्र!"

बैलांची ती पुकार ऐकून लोक हसले. साडी खोचून धापा टाकत येणारी नूतनही हसली.

वर गोरखची मान ताठ झाली. कुणी धरल्याशिवाय तो इतक्या महिन्यांत एकदाही उभा राहिला नव्हता. तो उठला. बायडाबाईच्या हातून खुर्ची सुटली. दोन पावलं वाकडी पडली, तिसरं सरळ पडलं, आणि रेघेपाशी येऊन तो पाय रोवून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. याच जागेवर त्याने पंधरा वर्षं भरधाव आलेले बैल धरले होते.

नूतनला रडूच फुटलं. रेघ ओलांडून ती सरळ त्याच्या हातांत शिरली. त्याने तिला धरलं. पकड तीच होती, जुनी. तिच्या मानेवर त्याने थाप मारली, मग सावकाश हात फिरवला. त्याचे ओठ हलायला लागले, तसा माईक गप्प झाला.

"हो... हो... पाखऱ्या," तो म्हणाला. "झालं रं राजा. पोचलास."

पाखऱ्या त्यांचा बैल. गोरख दवाखान्यात होता तेव्हाच तो विकावा लागला होता.

"बोलला! नूतन, माझा गोरख बोलला गं," म्हणत बायडाबाई मटकन खाली बसली आणि मातीला हात लावून पाया पडू लागली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

गोरख मानेवरून हात फिरवतच होता. त्याचा हात नीट पोचावा म्हणून नूतनने मान आणखी थोडी खाली केली.