ठेका

"या रॅपच्या ओळींखाली कुणाचंच नाव नाही. चोरल्यात का?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध पुढे सरकवला.

शलाकाच्या हिप-हॉपवरच्या पीएचडीची खुली तोंडी परीक्षा चालली होती. शेवटच्या रांगेत बाबा पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन कौतुकानं बसले होते. शेजारी आई.

"माझ्याच आहेत, सर."

"मग म्हणून दाखवा."

नाही म्हणावं तर डिग्री गेली. पण ओळी बाबांवरच होत्या. बंद दाराआड आईवर उठणाऱ्या त्यांच्या हातावर. आजवर त्या फक्त आईनं ऐकल्या होत्या.

तिनं आईकडे पाहिलं. आईची मान खालीच.

मग आईनं बाबांच्या मांडीवरचा बॉक्स ओढून घेतला आणि झाकणावर बोटांनी ठेका धरला.