पाण्याची वेळ सांगणारा ब्लॉग

ब्लॉगवर साडेसहा लिहिलं होतं आणि सहा एकोणतीसला नळ फुरफुरला. चेतना हातात घड्याळ घेऊनच मोरीत उभी होती. हे लागोपाठ अकराव्यांदा बरोबर आलं होतं.

सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि कधी येईल याचा नेम नसतो. चेतना शाळेत शिक्षिका, घरात एकटी. पाण्याची वाट बघण्यात तिचे शाळेचे कितीतरी पहिले तास बुडाले होते. मुख्याध्यापिकांनी शेवटचं सांगून ठेवलं होतं, की आणखी उशीर झाला तर दहावीचा वर्ग दुसऱ्यांकडे जाईल. नेमका तेव्हाच कुणीतरी तिला हा ब्लॉग दाखवला. नाव होतं ‘पाणी सुटलं’. ना जाहिरात, ना फोटो, ना लिहिणाऱ्याचं नाव. रोज चार ओळी: कोणती गल्ली, किती वाजता, जोर कसा. जुन्या नोंदीही खाली तशाच राहायच्या. त्या वाचून पुढची पाळी साधारण कधी, हेसुद्धा कळायचं.

याला इतकं नेमकं कळतं कसं, हे कोडं चेतनाला सुटत नव्हतं. सोसायटीच्या सभेत मात्र लोकांनी ते परस्पर सोडवून टाकलं. महापालिकेच्या आतला कुणीतरी माहिती फोडतोय, उद्या तो ओळखीच्यांना जास्त पाणी सोडेल, तेव्हा वर तक्रार करायची असं ठरलं. चेतना मराठी शिकवते म्हणून अर्ज लिहायचं तिच्याकडे आलं. तिने दोन दिवस मागून घेतले.

संध्याकाळी तिने सगळा ब्लॉग पहिल्यापासून वाचून काढला. एका नोंदीपाशी ती थांबली. ‘व्हॉल्व्ह घट्ट झालाय, तीन नंबर गल्लीला दहा मिनिटं उशीर.’ हे फक्त व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यालाच कळणार.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कोपऱ्यावर, व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी जाऊन उभी राहिली. धोंडप्पा सायकलवरून आला. पाणी सोडणारा हा म्हातारा सगळ्यांना माहीत होता, पण त्याच्याशी कुणी बोलत नसे. त्याने खड्ड्यावरचं झाकण सरकवलं, लांबलचक लोखंडी चावी आत घालून फिरवली, मग खिशातून साधा फोन काढला आणि म्हणाला, “अक्का, तीन नंबर सोडलं बघ. चार नंबरला सात वाजता येईल. लिही.”

वळून बघतो तर मागे चेतना. त्याचा चेहरा उतरला. आपण कंत्राटावर आहोत, कुणाला सांगू नका, एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. चेतनाने त्याच्याकडे फक्त घरचा पत्ता मागितला.

दुपारी शाळा सुटल्यावर ती गावाबाहेरच्या वस्तीत पोचली. धोंडप्पाची मुलगी सिद्धेश्वरी, त्याची ‘अक्का’, दारात बसून फोनवर काहीतरी लिहीत होती. बारावी झालेली, अंगाने किरकोळ, पण नजर धीट. चेतनाने सभेतलं सगळं तिला सांगितलं आणि विचारलं, की हे व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर का नाही टाकत?

“ग्रुपवर टाकलं की शुभ सकाळच्या फुलांखाली बुडतंय,” सिद्धेश्वरी म्हणाली. “आन तुमच्या ग्रुपात आमाला कोण घेणार? ब्लॉग फुकट हाय. कुणाला विचारावं लागत न्हाय, कुणीबी उघडून बघतंय. ह्या फोनवर धा मिनिटांचं काम.”

“पण तुला यातून काय मिळतं?”

सिद्धेश्वरीने फोन खाली ठेवला. “पाणी उशिरा आलं की लोक अप्पाला शिव्या द्यायचे. घरी येऊन जेवायचा न्हाय तो. वेळ कळाली की माणूस वाट बघतंय, शिव्या देत न्हाय. आता अप्पा जेवतोय.”

गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरून चेतना स्वतःच त्या म्हाताऱ्यावर ओरडली होती. सगळी गल्ली ऐकत होती. तेव्हा त्याने वरसुद्धा बघितलं नव्हतं.

तक्रार जाणार नाही, सभेला मी समजावते, असं तिने मुलीला सांगितलं. ब्लॉग चालू ठेव म्हणाली. आणखीही खूप विचारायचं होतं. ब्लॉग उघडतात कसा, नोंद बदलतात कशी, असलाच एखादा आपल्या वर्गासाठी करता येईल का. पण मुलीला कामाच्या वेळी अडवायला नको. पुन्हा येताना तिची पाण्याची वेळ टाळून यावं, असं तिच्या मनात आलं. तिने फोन काढून ब्लॉग वरपासून खालपर्यंत पाहिला. या वस्तीचं नाव कुठेच नव्हतं.

“तुमच्याकडे किती वाजता येतं गं पाणी?”

सिद्धेश्वरीने उठून दाराशी ठेवलेल्या दोन रिकाम्या घागरी उचलल्या.

“आमच्याकडं अजून नळच आला न्हाय, बाई.”