खड्याची गाठ

उजाडताच केतकीनं सॅक पुन्हा उपसली. आईच्या साड्यांची गोधडी नव्हतीच. काल महाबळेश्वरच्या झाडीत झोपायला हॅमॉकच्या झोळ्या बांधताना सॅक नव्या बाईंच्याच ताब्यात होती. गेल्या पावसाळ्यात बाबांनी लग्न करून आणलेल्या त्या बाईंना सगळ्यांनी सांगूनही केतकी ‘मावशी’ म्हणत नव्हती. खरं तर काहीच म्हणत नव्हती.

जड म्हणून गाडीत टाकली असेल, की मुद्दाम कुठं दडवली? रात्री अंधारात झोपताना त्या काहीतरी सांगायला जवळ आल्या, तशी तिनं स्लीपिंग बॅगची चेन डोक्यावरून ओढून घेतली होती.

गवतावरचं दव पांढरं गोठलं होतं. बाबा अजून घोरत होते. बाई शेकोटीपाशी कुडकुडत बसल्या होत्या. केतकीला मात्र रात्रभर थंडी वाजली नव्हती. संतापानं असेल!

बूट शोधायला ती वाकली आणि थबकली. गोधडी तिच्या हॅमॉकच्या खालून, पाळण्यासारखी बांधलेली होती.

“टांगल्या झोळीत थंडी खालून लागते,” बाई शेकोटीकडे बघतच म्हणाल्या. “अंगाखाली घेतली असतीस, तर दबून ऊब गेली असती.”

म्हणजे दोरीसाठी साडीला भोकं पाडली असणार! केतकीनं घाईघाईनं कोपरे चाचपले. भोक कुठंच नव्हतं. प्रत्येक कोपऱ्यात एकेक गोल खडा गुंडाळून त्याच्यामागं दोरी आवळली होती.

तिनं त्यातला एक खडा बोटांनी दाबून पाहिला.

“आज ही तुमच्या हॅमॉकखाली बांधू,” ती म्हणाली. “गाठ तेवढी शिकवा, मावशी.”