पाच बटणांची ओव्हर

उजवा खिसा रिकामा झाला तसे सुतारकाका म्हणाले, "ओव्हर," आणि त्यांनी बेल्स उचलल्या. विसावी ओव्हर होती. सामना संपला. गावचा क्लब तीन धावांनी जिंकला.

पण कुणी ओरडलं नाही. क्लबचा कप्तान बेकरीवाला, एरवी टॉस जिंकला तरी नाचणारा, मुकाट्यानं स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला.

काकूंना जाऊन तीन महिने झाले होते. त्यानंतरचा हा पहिलाच सामना. घरून निघताना काकांनी मनाशी ठरवलं होतं, आज एक जरी चूक झाली, तरी अंपायरचा हा पांढरा कोट कायमचा खुंटीला. लोकांनी कीव येऊन आपल्याला उभं करावं, हे त्यांना नको होतं.

एकोणीस वर्षं क्लबला अंपायर एकच. दोन्ही टोकांना तेच चालत जायचे. सुताराचा धंदा, फळी दोनदा मोजल्याशिवाय करवत लावायचे नाहीत. पण मैदानावर गप्पांच्या नादात बॉल मोजायला चुकायचे. त्यावर तोड काढली काकूंनी. आपल्या जुन्या स्वेटरची सहा शिंपल्याची बटणं कापून त्यांच्या उजव्या खिशात टाकली. "एक बॉल पडला, की एक बटण डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा, की ओव्हर. आता तरी माझं नाक कापू नका," असं वर म्हणाल्या. तेव्हापासून काका बोटांनीच मोजायचे. गार, जाड बटणं, आणि प्रत्येकाच्या कडेला कात्रीची बारीक खाच.

कोट धुवायचा, इस्त्री करायचा, बटणं खिशात घालून खुंटीला लावायचा, ते सगळं काकूंचं काम. गेल्या मोसमातल्या शेवटच्या सामन्यानंतरही त्यांनी तो तसाच लावून ठेवला होता. आज काकांनी तो खाली काढला. वरचं बटण काजात जाता जाईना. जोर लावून बसवलं. खिशातली बटणं काही त्यांनी मोजली नाहीत. काकूंनी ठेवलेलं मोजायचं कशाला?

"काका," पाहुण्या संघाचा कप्तान मास्तर बॅट घेऊन क्रीजमधून हलला नव्हता. "एक बॉल राहिला."

"गप रे मास्तर!" बेकरीवाला खेकसला. "ठरलं होतं ना आपलं?"

"काय ठरलं होतं?" काकांनी विचारलं.

शेवटी बेकरीवालाच पुढं आला. "पाचच बॉल होतायत काका, प्रत्येक ओव्हरला. पहिल्या ओव्हरपासून. आम्ही दोन्ही कप्तानांनी ठरवलं, आज काकांना काही बोलायचं नाही. दोन्हीकडे पाच-पाच, कुणाचं काय बिघडलं?"

"मीही बोललो नसतो हो," मास्तर म्हणाला. "पण छत्तीसवर खेळतोय. एवढे रन मी घरी खोटं सांगतानासुद्धा केले नव्हते. चारच हवेत."

"मग आमचेही वीस ओव्हरचे वीस बॉल द्या!" बेकरीवाला म्हणाला.

काकांनी डावा खिसा तळहातावर रिकामा केला. पाच बटणं. उजवा खिसा उलटा करून बघितला. शिवण शाबूत, भोक कुठंच नाही.

"पडलं असेल इथंच," कुणीतरी म्हणालं, आणि बघता बघता दोन्ही संघ गुडघ्यांवर आले. मास्तर बॅटनं गवत बाजूला करत होता. विकेटकीपर ग्लोव्हज काढून स्टंपांच्या मागं चाचपत होता.

"राहू द्या रे," काका म्हणाले. "पुढच्या रविवारी दुसरा अंपायर बघा."

ते कोट काढायला लागले. वरचं बटण पुन्हा अडकलं. त्यांनी ते चिमटीत धरलं, आणि हात तिथंच थांबला. कोटाची बाकीची बटणं प्लास्टिकची, हलकी. हे गार होतं. जाड होतं. कडेला बारीक खाच होती.

गेल्या मोसमातल्या त्या शेवटच्या सामन्यात याच मास्तरनं मारलेला बॉल काकांच्या छातीवर बसला होता. कोटाचं वरचं बटण फुटलं होतं. "बटण गेलं, नवरा राहिला," म्हणून काकू हसल्या होत्या. त्या जागी त्यांनी खिशातलंच हे लावलं होतं, दुहेरी दोऱ्यानं, घट्ट. खिशात दुसरं टाकायचं नंतर बघू, असं म्हणाल्या असतील. मग दवाखानाच मागं लागला.

काकांनी बटण पुन्हा काजात बसवलं. या वेळी घाई केली नाही.

"उठा रे सगळे. सापडलं."

"कुठं होतं?"

"माझ्याकडंच." त्यांनी बेल्स स्टंपांवर ठेवल्या. "माझ्या ओव्हरला सहा बॉल असतात. टाक रे."

"आणि आमचे वीस?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"ते पुढच्या रविवारी माग. मी आहेच इथं."

बॉलर धावत आला. मास्तरनं डोळे मिटून बॅट फिरवली. बॉल बॅटच्या वाटेलाही गेला नाही, थेट कीपरच्या हातात. क्लब पुन्हा एकदा तीन धावांनीच जिंकला, आणि आता मात्र सगळे ओरडले. सगळ्यात मोठ्यानं मास्तर.

काकांनी घाई केली नाही. उजवा हात छातीवर नेला, बोटानं खाच शोधली आणि मग म्हणाले, "ओव्हर."