मधली मोकळी वाट

कीर्तनाचा पूर्वरंग संपला, सगळ्यांना बुक्का लावून झाला, आणि गळ्यातला हार सारखा करत दाजीबुवांनी थेट जयकुमारकडे बोट दाखवलं.

"उठा, मुंबईकर! आम्ही दोन घटका परब्रह्म सांगितलं. आता तुमच्या कॉलेजात काय सांगतात, ते कळू दे मंडळींना."

भाईंदरजवळच्या नवघरच्या देवळात हशा पिकला. रामनवमीच्या उत्सवाला सारा गाव लोटला होता. आज सकाळीच जयकुमारच्या आईनं, इंदुबाईंनी, बुवांची मुलगी सिंधू हिच्यासाठी शब्द टाकला होता. 'बघू' एवढंच बुवा म्हणाले होते. शिकलेली पोरं देवाला विसरतात, हे त्यांचं मत तर अख्ख्या भाईंदरला पाठ होतं.

तो उठला. "आम्ही अणू शिकतो, बुवा. त्यात इलेक्ट्रॉन नावाचा अगदी सूक्ष्म कण असतो. तो नेमका कुठं आहे, हे सांगता येत नाही. त्याच्या असण्याचा ढग तेवढा सांगता येतो. कुठला ढग चेंडूसारखा गोल, कुठला..." त्यानं सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं.

"पोराला घाम फुटला हाय, वारा घाला कोनीतरी!" बायकांतून एक म्हातारी ओरडली.

त्याची मान तिकडे वळली. उजवीकडे बायका, डावीकडे पुरुष, आणि मधे थेट बुवांच्या पायापर्यंत मोकळी वाट. त्याचा चेहरा उजळला.

"कुठला ढग ह्या सभेसारखा, बुवा! अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मधे कुणीच नाही."

"अस्सं? मग मधे पाऊल न टाकता तुमचा कण इकडून तिकडे जातो कसा?"

"जातच नाही. तो एकच आहे, आणि दोन्हीकडे आहे."

बुवांच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या.

"बरं. मग एवढं जग सुटं सुटं होऊन उधळत का नाही? धरलंय कुणी?"

"दोन अणूंचे ढग समोरासमोर आले की एकमेकांत शिरतात. मग त्यातला कण ह्याचा की त्याचा, हे विचारायचं नसतं. तो दोघांचा. त्या बंधावरच सगळं उभं आहे."

बोलता बोलता नजर सिंधूकडे गेलीच. ती खाली मान घालून वाती वळत होती. पुरुषांत दोघंतिघं मुद्दाम खोकले.

जयकुमार मटकन खाली बसला. एवढं बोललो आणि देवाचं नावसुद्धा घेतलं नाही! आईकडे बघायचीही त्याला सोय उरली नाही.

बुवांनी उपरण्यानं डोळे टिपले आणि ते पेटीवाल्याकडे वळले.

"नाना, आमचं परब्रह्म पोरानं दोन वाक्यांत सांगितलं. शबरीचं आख्यान आज राहू द्या. सीतास्वयंवर लावतो." मग इंदुबाईंकडे बघून हसले. "आणि कथा जरा पुढूनच सुरू करू. धनुष्य तर आत्ताच मोडलं."